मेंदूतल्या रिसेप्टरवर संशोधन करायचे आहे? आधी हे ठरवा

बारावीचे निकाल लागले की मेंदूविज्ञानाबद्दल विद्यार्थी आणि पालक दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. नीटमध्ये गुण कमी पडले, आता मेंदूवर संशोधन करता येईल का? बीएस्सीला बायोटेक घ्यावे की ‘न्यूरोसायन्स’ नाव असलेला अभ्यासक्रम शोधावा? मुलगी भौतिकशास्त्रात हुशार आहे, तिला जीवशास्त्राचा रस्ता बंद झाला का?

या तिन्ही प्रश्नांत पदवीचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांची गल्लत झालेली आहे. चेतापेशींवरील रिसेप्टरची रचना शोधणाऱ्या माणसाला डॉक्टरकीची पदवी लागत नाही आणि पदवीवर ‘न्यूरो’ असेही लिहिलेले असावे लागत नाही. तुमच्या हातात कोणते तंत्र आहे आणि ते तुम्ही कोणाकडे शिकलात, यावर पुढची वीस वर्षे ठरतात. म्हणून पदवीआधी तंत्राचा आणि मार्गदर्शकाचा विचार करा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

रोजचे काम कसे असते

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पटलात रुतलेले प्रथिन. बाहेरून रसायन येऊन चिकटले की ते आपला आकार बदलते आणि पेशीच्या आत निरोप पोहोचतो. झोपेसाठी आणि चिंतेसाठी दिली जाणारी बेन्झोडायझेपिन गटातील औषधे गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात. केटामिन एनएमडीए रिसेप्टरची वाट अडवते. मिरचीचा तिखटपणा टीआरपीव्ही१ या रिसेप्टरमुळे जाणवतो. शरीराने स्वतःच्याच एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, तर चांगली धडधाकट तरुण व्यक्ती काही दिवसांत भ्रमात जाऊ शकते. हा आजार २००७ मध्ये वैद्यकाला नीट ओळखता आला आणि योग्य उपचारांनी बहुतेक रुग्ण त्यातून सावरतात. असे औषध किंवा प्रतिपिंड प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या भागावर बसते, हे पाहण्यासाठी रचना लागते.

मात्र या संशोधकाचा दिवस मेंदू पाहण्यात जात नाही. कामाचा क्रम साधारण असा असतो:

1. रिसेप्टरचे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी किंवा कीटकांच्या पेशींत घालून त्या पेशींकडून ते प्रथिन भरपूर तयार करून घ्यायचे.
2. ते पेशीपटलातून सोडवायचे. पटल मेदाचे असल्याने तुपकट भांड्याला लागतो तसा इथेही साबणच लागतो. साबण तीव्र झाला तर प्रथिन मोडते आणि सौम्य पडला तर सुटत नाही.
3. शुद्ध केलेले प्रथिन ३ मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर अतिशय पातळ थरात ठेवून द्रवरूप इथेनमध्ये क्षणात गोठवायचे.
4. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो चित्रे घ्यायची आणि त्यांतील लाखो कणांवरून संगणकाने त्रिमितीय नकाशा उभा करायचा.
5. नकाशात अणूंची मांडणी बसवायची. मग पॅच-क्लॅम्प या विद्युत्-मापनाच्या पद्धतीने जिवंत पेशीतील रिसेप्टर खरोखर तसाच वागतो का, ते तपासायचे.

यातील सर्वांत जास्त महिने दुसरी पायरी खाते. बाहेरून मोहक दिसणारे सूक्ष्मदर्शकाचे काम काही दिवसांत उरकते, तर प्रथिन नीट राहावे म्हणून साबण, क्षार, तापमान बदलत राहण्यात वर्ष निघून जाते. हे तुम्हाला कंटाळवाणे वाटत असेल तर आताच स्वतःशी प्रामाणिक व्हा. मेंदूविज्ञानात वर्तन, स्मृती, मेंदूचे चित्रण अशा इतरही कितीतरी वाटा आहेत.

काळाचा अंदाज येण्यासाठी एक उदाहरण पाहा. ब्रायन कोबिल्का हे वैद्यकाचे पदवीधर. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत १९८६ मध्ये बीटा-२ अ‍ॅड्रिनर्जिक रिसेप्टरचे जनुक हाती आले, त्या कामात ते होते. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल याच रिसेप्टरवर काम करते. त्याची रचना कोबिल्का यांना २००७ मध्ये मिळाली आणि पेशीच्या आत निरोप नेणाऱ्या जी-प्रथिनासह काम करतानाची अवस्था २०११ मध्ये. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना विभागून मिळाले.

तेव्हा अशी रचना काढायला प्रथिनाचे स्फटिक बनवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. टीआरपीव्ही१ ची रचना २०१३ मध्ये क्रायो-पद्धतीने, स्फटिकाशिवाय मिळाली आणि हे क्षेत्र पालटले. आज असे काम पीएचडीच्या कालावधीत होऊ शकते, आणि आपल्याकडेही होते. ग्लुटामेट रिसेप्टरच्या कुटुंबातील ग्लुडी१ ची रचना २०२० मध्ये पुण्याच्या एनसीसीएसमधील, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील गटाने प्रसिद्ध केली. त्याच कुटुंबातील इतर रिसेप्टरपेक्षा याच्या भागांची गुंफण वेगळी आहे, हे त्यातून कळले.

अकरावी-बारावी आणि पदवी

गणित सोडू नका. नीटच्या तयारीत बोजा कमी करायचा म्हणून आपल्याकडे सर्रास गणित सोडले जाते, तर अभियांत्रिकीकडे जाणारे जीवशास्त्राऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र घेतात. जमत असेल तर दोन्ही विषय ठेवा. एकच ठेवणे शक्य असेल तर माझे मत गणिताच्या बाजूने आहे. जीवशास्त्र पुढे वाचून भरून काढता येते. प्रतिमांवरून रचना काढण्यामागचे गणित पंचविशीत पहिल्यापासून शिकणे फार जड जाते.

बारावीनंतरच्या मुख्य वाटा या:

- आयसर: पुण्यासह सात ठिकाणी पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय सारख्या वजनाचे असतात. जो विषय सोडला असेल त्याची निदान प्राथमिक तयारी करून जा.
- नेस्ट परीक्षा: हिच्यातून भुवनेश्वरच्या नायसरमध्ये आणि मुंबईत कालिना संकुलातील सीईबीएसमध्ये प्रवेश मिळतो.
- जवळचे चांगले महाविद्यालय: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवरसायनशास्त्र यांपैकी कशातही बीएस्सी करा आणि नंतर ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जा. जैवतंत्रज्ञानाच्या एमएस्सीसाठी गॅट-बी ही वेगळी परीक्षा आहे.
- बीफार्म किंवा एमबीबीएस: दोन्ही पदव्यांवरून या क्षेत्रात येता येते. पोटॅशियमच्या वाहिनीची रचना १९९८ मध्ये दाखवणारे रॉडरिक मॅकिनन डॉक्टर होते. स्फटिकशास्त्र ते चाळिशीच्या उंबरठ्यावर शिकले आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर मुळीच बिचकू नये. वेंकी रामकृष्णन यांनी बडोद्यात भौतिकशास्त्राची पदवी घेतली, अमेरिकेत त्याच विषयात पीएचडी केली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. खासगी संस्थेत लाखो रुपये भरून ‘न्यूरोसायन्स’ नावाची पदवी घेण्याआधी तिथे जैवरसायनाची प्रयोगशाळा आहे का, ती आधी पाहून या. पदवीच्या नावाला पीएचडीच्या मुलाखतीत कोणी विचारत नाही.

उन्हाळी काम: इथे बरेच जण फसतात

पदवीच्या काळात किमान एक उन्हाळा प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काढा. तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती, टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम आणि बंगळुरूच्या जेएनसीएएसआरची शिष्यवृत्ती या योजनांत विद्यार्थ्याला पैसे मिळतात. अर्ज उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी, साधारण हिवाळ्यात भरायचे असतात. मार्चमध्ये शोध सुरू केला तर यातल्या बहुतेक मुदती उलटून गेलेल्या असतात.

विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेऊन ‘इंटर्नशिप प्रमाणपत्र’ देणाऱ्या संस्थांपासून दूर राहा. पैसे भरले की काही आठवड्यांत शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांनाही हेच लागू. असे निबंध अर्जात दाखवल्याने फायदा होत नाही, उलट जाणकार परीक्षकाचे तुमच्याबद्दलचे मत बिघडते.

प्राध्यापकांना ईमेल पाठवताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचा. त्यातली कोणती आकृती कळली, कोणती कळली नाही आणि तुम्हाला किती आठवडे देता येतील, एवढे दहा ओळींत लिहा. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

पीएचडीचे दरवाजे

- सीएसआयआर-यूजीसी नेट: वर्षातून दोनदा होते. २०२४ पासून निकालाच्या तीन श्रेणी आहेत आणि पाठ्यवृत्ती फक्त जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) श्रेणीत मिळते. ‘केवळ पीएचडी’ श्रेणीत पास झालात तर तो निकाल प्रवेशासाठी एक वर्ष चालतो, पैशांची सोय मात्र वेगळी पाहावी लागते.
- जेजीईईबीआयएलएस: टीआयएफआर, बंगळुरूचे एनसीबीएस आणि आणखी काही संस्थांची जीवशास्त्रासाठीची परीक्षा. पाठांतरावर ती सुटत नाही. प्रयोगाचे आकडे समोर ठेवून निष्कर्ष विचारतात.
- गेट: गुण तीन वर्षे ग्राह्य असतात.
- डीबीटी आणि आयसीएमआर यांच्या जेआरएफ परीक्षा: नेटबरोबर याही द्या. अभ्यास बराचसा सारखाच असतो.

सध्याच्या दराने जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनंतर एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीत) ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. महाराष्ट्रातील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी बार्टी, मराठा-कुणबी समाजातील विद्यार्थ्यांनी सारथी आणि इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांनी महाज्योती यांच्या पीएचडी अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. नोंदणीची तारीख आणि जाहिरातीतील अटी जुळल्या नाहीत की अर्ज बाद होतो. नोंदणीपत्र, जातवैधता आणि उत्पन्नाची कागदपत्रे आधीच तयार ठेवा.

पाठ्यवृत्ती उशिरा येते, कधी कधी काही महिने रखडते, हेही घरी सांगून ठेवा. सुरुवातीच्या चार-सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज हवी.

प्रयोगशाळा निवडताना काय विचाराल

निवड होईपर्यंत आपल्याकडचे विद्यार्थी सगळी शक्ती लावतात आणि प्रवेश मिळाला की जी प्रयोगशाळा समोर येईल ती स्वीकारतात. संपूर्ण वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा अर्ध्या तासात घेतला जातो.

रिसेप्टरच्या रचनेवर काम करणारे गट देशात मोजके आहेत. पुणे, हैदराबाद, बंगळुरू, कानपूर, मुंबई या शहरांतील संस्थांची संकेतस्थळे पाहा आणि गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध शोधा. पानावर नाव असले तरी मार्गदर्शक दुसऱ्या संस्थेत गेलेले असू शकतात. नव्या शोधनिबंधावरील पत्ता पाहिला की ते कळते.

मग हे प्रश्न विचारा. मार्गदर्शकांना विचारा, आणि ते नसताना तिथल्या विद्यार्थ्यांनाही विचारा:

- गेल्या काही विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षे लागली? सोडून कोण गेले आणि का?
- मला जो रिसेप्टर देणार आहात तो शुद्ध स्वरूपात मिळवणे कोणाला जमले आहे का, की शून्यापासून सुरुवात आहे?
- ते जमलेच नाही तर दुसरा विषय कोणता? कधी बदलायचा, हे कोण ठरवेल?
- सूक्ष्मदर्शकाचा वेळ कुठे मिळतो? बंगळुरूला एनसीबीएसच्या आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे, स्फटिकांसाठी इंदूरच्या आरआरकॅटमध्ये इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. वर्षातून किती फेऱ्या होतात?
- माहितीवरील संगणकीय काम विद्यार्थी स्वतः करतो, की ते सहकारी गटाकडे जाते?
- शोधनिबंधात पहिले नाव कोणाचे, हे केव्हा ठरते?

दुसरा आणि पाचवा प्रश्न विशेष महत्त्वाचे. कधीच शुद्ध न झालेल्या प्रथिनावर एकट्या विद्यार्थ्याला पाच वर्षे लावणे हा जुगार आहे. एक धाडसी आणि एक खात्रीचा असे दोन विषय देणारा मार्गदर्शक मिळाला तर त्याला प्राधान्य द्या, संस्थेचे नाव थोडे लहान असले तरी चालेल. आणि जिथे तुम्ही फक्त प्रथिन बनवून देता, पण रचना दुसरेच कोणी काढते, तिथे पदवी मिळते, तंत्र हाती लागत नाही.

प्रश्न विचारले म्हणून कोणी नाराज झाले, तर तेही एक उत्तरच समजा.

परदेशी जायचे असेल तर

अमेरिकेत चांगल्या पीएचडी कार्यक्रमांत शिक्षणशुल्क माफ असते आणि दरमहा पाठ्यवृत्ती मिळते. बहुतेक अर्ज डिसेंबरच्या आसपास भरावे लागतात आणि चार वर्षांच्या पदवीवरही अर्ज करता येतो. अर्जाचे शुल्क परवडत नसेल तर माफीसाठी कार्यालयाला लिहा, अनेक विद्यापीठे देतात. जर्मनीत सहसा आधी पदव्युत्तर पदवी लागते आणि माक्स प्लांक संस्थांच्या पीएचडी कार्यक्रमांत करार करून वेतन मिळते. ब्रिटनमध्ये केंब्रिजची एलएमबी ही रचनात्मक जीवशास्त्राची पंढरीच, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी निधी मर्यादित असतो. प्रवेशपत्र आले तरी निधीचे पत्र येईपर्यंत थांबा.

पीएचडीच करायची असेल तर त्याआधी मोठे कर्ज काढून परदेशी एमएस करू नका. पीएचडीच्या पाठ्यवृत्तीतून ते कर्ज फिटत नाही, आणि हप्त्याच्या दडपणाखाली संशोधन सोडावे लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचा विचार आधी करा.

संगणकानेच रचना सांगितली तर?

अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने काढलेले कोट्यवधी प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले झाले, त्यामागच्या कामाला २०२४ चे नोबेलही मिळाले. मग हे काम उरेल का, असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. रिसेप्टरचे काम त्याच्या हालचालीत असते. तो बंद असतो, उघडतो, रसायन चिकटलेले असतानाही थकून गप्प बसतो. कोणत्या औषधाने कोणती अवस्था टिकते, हे आजही प्रयोगानेच पक्के करावे लागते. ज्याला प्रयोग आणि संगणक दोन्ही येतात, त्याला मागणी वाढली आहे. केवळ एकाच नमुन्याचे ठरावीक शुद्धीकरण येत असेल तर मात्र धोका आहे.

याची सुरुवात घरबसल्या, फुकट करता येते. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली, आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत. कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि ‘३केजी२’ ही २००९ मधली एएमपीए रिसेप्टरची रचना उघडा. इंग्रजी वायसारखा आकार दिसेल. ग्लुटामेट चिकटण्याची जागा शोधा, चार भाग वेगवेगळ्या रंगांत रंगवा. पुढे लिनक्स आणि पायथन शिका, मग क्रायो-चित्रांवरून रचना काढणाऱ्या रेलिऑन या मोफत सॉफ्टवेअरचा सराव-पाठ त्यातल्याच नमुना माहितीवर पूर्ण करा. मुलाखतीत हे केलेले लगेच दिसून येते.

पीएचडीनंतर

स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत बहुतेकांची पस्तिशी येते. मध्ये पोस्टडॉकची काही वर्षे जातात. देशात रिसर्च असोसिएटला सध्या ५८,००० पासून सुरुवात होते. परदेशातून परत यायचे असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी आणि इंडिया अलायन्सची अधिछात्रवृत्ती पाहा. त्यांच्या पात्रतेत पीएचडीनंतरच्या अनुभवाची मोजणी असते, म्हणून परतीचा विचार शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

प्राध्यापकी हीच एक वाट नाही. सूक्ष्मदर्शक सुविधांना चालवणारे शास्त्रज्ञ लागतात. पुणे, हैदराबाद, बंगळुरू इथल्या औषध संशोधन कंपन्यांना प्रथिन शुद्ध करणारे आणि रचनेवरून औषधाचा रेणू सुचवणारे लोक हवे असतात. हैदराबादची सुवेन लाइफ सायन्सेस तर मेंदूच्या आजारांवरील औषधांवरच काम करते. कंपनीत जाणे म्हणजे संशोधनात हरणे, असे विद्यापीठांत अजूनही ऐकू येते. ते मनावर घेऊ नका.

तुमचे हक्क

यूजीसीचे २०२२ चे पीएचडी नियम विद्यापीठांना लागू आहेत. आयआयटीसारख्या संस्थांचे स्वतःचे नियम असतात, ते प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्या.

- पीएचडीचा कालावधी किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे.
- महिला संशोधकांना मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते.
- लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले, तर अटींच्या अधीन राहून महिला संशोधकाला आपले संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येते. लग्न ठरले की पीएचडी सोडावी लागते, असे सांगणाऱ्यांना हा नियम दाखवा.
- प्रगती तपासणारी सल्लागार समिती असलीच पाहिजे. मार्गदर्शकाशी मतभेद झाले तर पहिले दार तिचे.
- लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढू शकते.
- द्रवरूप नायट्रोजन बंद खोलीतला प्राणवायू कमी करतो, इथेन पेट घेतो. प्रशिक्षण, हातमोजे, चष्मा आणि प्राणवायूचा धोका सांगणारा गजर यांशिवाय काम सुरू करण्यास नकार देणे हा तुमचा अधिकार आहे.

समिती, कार्यालय किंवा मार्गदर्शक यांच्याशी जे तोंडी ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवा. प्रयोगवहीवर तारीख टाका. मूळ वही संस्थेची असते, पण नियमात बसत असेल तर तिच्या पानांची प्रत स्वतःकडे ठेवा.